मदत हवी आहे: लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकिलाच्या वर कोण असतं?

तगर: धाकटा भाऊ आत आहे. मोफत वकील मिळालाय, लोक अभिरक्षक कार्यालयातला (आरोपींना विधी सेवेतर्फे वकील देणारं कार्यालय). पण दर तारखेला वेगळंच कुणीतरी उभं राहतं. मागच्या वेळी आलेल्या मुलीने फाईल पहिल्यांदा उघडली ती कोर्टाबाहेरच्या बाकावर. भावाचं नावही मलाच विचारलं. फोन केला तर 'सर कोर्टात आहेत'. या लोकांच्या वर कोण असतं? वकील बदलून मिळतो का? लवकर सांगा, आईने जेवण सोडलंय.

रानवाट: कलम कोणतं? खटला सत्र न्यायालयात आहे का? पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झालं का? याशिवाय कुणी काय सांगणार?

सरळमार्गी: ताई, सरळ खाजगी वकील करा. मेहुण्याच्या वेळी आम्ही शेत गहाण टाकलं, पण माणूस बाहेर आणला. फुकटच्या वकिलाला कशाची पडलेली नसते.

माजी_सहाय्यक: हे पटलं नाही. मी अशाच एका कार्यालयात काम केलंय. तिथल्या वकिलांना खाजगी वकिली करता येत नाही, पूर्ण वेळ हेच काम असतं. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयात निदान ३० खटले चालवलेले असावे लागतात. सहाय्यक मात्र ० ते ३ वर्षांचे, म्हणजे अगदी नवखे. म्हणून तर वर माणूस ठेवलाय. आमचे मुख्य रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या फायली घेऊन बसायचे. उलटतपासणीतले प्रश्न आमच्याकडून लिहून घेत, निम्मे खोडत आणि साक्षीच्या वेळी मागच्या खुर्चीवर येऊन बसत. जिथे असं होत नाही तिथे बाकावर फाईल उघडली जाते. दोष त्या मुलीचा कमी, तिला एकटं पाठवणाऱ्याचा जास्त.

नानाकाका: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, ३ लाखांच्या आतला. त्याशिवाय मोफत वकील मिळत नाही.

रानवाट: नानाकाका, वकील मिळालेलाच आहे. आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांनाही नाही. तगर, उत्तर द्या ना.

तगर: भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, हाफ मर्डर, म्हणजे खुनाचा प्रयत्न. खटला सत्र न्यायालयात चालणार म्हणे. जिल्ह्याचं नाव इथे नको. दोषारोपपत्राचं माहीत नाही, पण मी तक्रारीचं विचारलंय.

माजी_सहाय्यक: तक्रार आधी मुख्य लोक अभिरक्षकांकडे, लेखी. पोच घ्या. नाही हलले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे. ते न्यायाधीश असतात आणि कार्यालय त्यांच्याच देखरेखीखाली असतं. अर्जात अनोखीलाल खटल्याचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहा: फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा खटल्यात विधी सेवेचा वकील किमान १० वर्षं अनुभवाचा हवा. इजा झाली असेल तर १०९ ला जन्मठेप होऊ शकते. म्हणजे हा खटला मुख्यांनी स्वतः चालवायला हवा.

सरळमार्गी: कागदावर सगळं असतं हो. चालवतात का?

माजी_सहाय्यक: मागितलं की चालवावं लागतं. घरचं कुणी विचारत नाही तिथेच फाईल खाली सरकते.

बोरीबाभळी: आमच्या भाडेकरूच्या दाव्यात इथून वकील मिळेल का?

रानवाट: नाही, हे कार्यालय फक्त फौजदारी आरोपींसाठी. दिवाणीसाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील असतात, त्यांच्या हेल्पलाइनला १५१०० वर फोन करा. तगर, पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाने कोठडीचा आदेश, कधी झाला?

तगर: २८ नोव्हेंबर. आत्ताच कोर्टातून कळलं, दोषारोपपत्र अजून आलेलं नाही.

रानवाट: मग तक्रार नंतर! दोषारोपपत्र टाकायला पोलिसांना ९० दिवस असतात, ते रिमांडपासून मोजतात, अटकेपासून नाही. २८ तारीख धरून ते २५ फेब्रुवारीला पूर्ण होतात. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ खाली जामीन हा हक्क आहे. पण अर्ज करावा लागतो. अर्जाआधी पोलिसांनी दोषारोपपत्र टाकलं की हक्क गेला.

माजी_सहाय्यक: अगदी बरोबर. उद्याच मुख्यांना भेटा, कार्यालय बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं. अर्ज टाइप करून तयार ठेवायला सांगा, २६ ला सकाळी कोर्ट उघडताच दाखल झाला पाहिजे. जामीनदाराचा सातबारा आणि आधारही आत्ताच गोळा करा, नाहीतर आदेश होऊनही माणूस आतच राहतो.

तगर: सातबारा मामांच्या नावावर आहे, चालेल का?

माजी_सहाय्यक: चालेल. मामांना स्वतः यावं लागेल, ताजा उतारा घेऊन.