चिनी विज्ञानकादंबरीत सरकारवर टीका असते का?

प्रश्न (वाचक, धरमपेठ)
आमच्या नागपूरच्या वाचनगटात रविवारी लिउ त्सशिन यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’वर चर्चा झाली आणि ती पहिल्याच प्रसंगावर अडली. १९६७ साली लाल रक्षक (माओच्या सांस्कृतिक क्रांतीतली तरुणांची पथके) भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला भर सभेत मारून टाकतात. एका सदस्याच्या मते ही राजवटीवर उघड टीका आहे. दुसऱ्याच्या मते तसे असते, तर पुस्तक चीनमध्ये छापलेच गेले नसते. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर १
आपण वाचलेली सुरुवात इंग्रजी अनुवादातली आहे. २००८च्या चिनी पुस्तकात हा प्रसंग मधल्या भागात येतो, कारण आरंभीच राजकारण दिसले तर सेन्सॉरची नजर जाईल, अशी प्रकाशकांना धास्ती होती; २०१४च्या अनुवादात केन लिउ यांनी तो लेखकाच्या संमतीने पुढे आणला. त्यामुळे चिनी वाचक रहस्याचा माग काढत या प्रसंगापर्यंत पोहोचतो आणि आपल्याला तो उंबरठ्यावरच गाठतो. शिवाय सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओची १९६६ ते १९७६ची राजकीय मोहीम, ही घोडचूक होती, हे खुद्द कम्युनिस्ट पक्षाने १९८१च्या ठरावात मान्य केले असल्याने तिच्याविषयी लिहिण्यास थोडी मोकळीक राहिली. १९८९मध्ये थ्येनआनमेन चौकातल्या आंदोलकांवर झालेल्या लष्करी कारवाईविषयी तशी मुळीच नाही.

उत्तर २
वरील मुद्दा पटला, पण टीका की स्तुती एवढ्यावर थांबू नये. या साहित्यप्रकाराला चीनमध्ये आरंभापासूनच राष्ट्रकार्याला जुंपलेले आहे. नामवंत चिनी लेखक लू शुन यांनी १९०३मध्ये ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी जपानीवरून चिनीत आणली, ती लोकांत विज्ञान रुजावे म्हणूनच. (आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतल्या, त्यामागेही प्रसाराचाच हेतू होता, फक्त आपल्या लेखकांवर पक्षाचा पहारा नव्हता.) जुंपलेला बैल वाट सोडू लागला की चाबूक येतोच. १९८३च्या ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्धच्या (म्हणजे पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाविरुद्धच्या) सरकारी मोहिमेत विज्ञानकथांवर छद्मविज्ञान पसरवल्याचा ठपका आला आणि बहुतेक मासिके बंद पडली. तगून राहिलेले एक मासिक छंगतूचे होते, आणि २०२३मध्ये त्याच शहरात जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले.

उत्तर ३
मला सरकारपेक्षा समाजाविषयीचे लेखन अधिक धीट वाटते. हाओ चिंगफांग यांच्या ‘फोल्डिंग बीजिंग’ या कथेत शहर घडी घालून मिटते: वरच्या पन्नास लाखांना पूर्ण चोवीस तास मिळतात, तळाच्या पाच कोटींना रात्रीचे जेमतेम आठ. छन छ्योफान यांची ‘वेस्ट टाइड’ क्वांगतुंग प्रांतातल्या क्वेइयू या ई-कचऱ्याच्या गावावरून सुचलेली आहे. भांडेवाडीच्या कचराडेपोजवळून ज्यांचे रोजचे जाणे-येणे आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत पहिला भाग बाजूला ठेवून पुस्तक चिनी क्रमाने वाचण्याचे ठरवले आहे. ज्यांनी ते अद्याप उघडलेले नाही, अशा दोन सदस्यांवर हा प्रयोग होईल.