बाहेरून येणारा प्रत्येक मेल ५५४ हा नकाराचा कोड देऊन परत जातोय (पोस्टफिक्स, डेबियन)

छापखाना_सांगली

सांगलीत आमचा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळीला डायऱ्या. मेल सर्व्हर स्वतःचाच, डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा). परवा होस्टिंगवाल्यांनी आमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) नव्या मशीनवर हलवला आणि तेव्हापासून बाहेरचा एकही मेल आत येत नाही. जाणारे मेल नीट जातात, ऑफिसातल्या ऑफिसात पाठवलेलेही पोचतात. पोर्ट २५ (मेल आत येण्याची वाट) उघडा आहे, टेलनेटने जोडून बघितलं की २२०, म्हणजे 'तयार आहे', येतं.

लॉगमध्ये मात्र हीच ओळ पुन्हा पुन्हा:

नोक्यू: रिजेक्ट: ... ५५४ ५.७.१ सर्व्हिस अनअव्हेलेबल. क्लायंट होस्ट ब्लॉक्ड यूझिंग झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग

स्पॅमहाउस म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी ठेवणारी संस्था. अडवलेल्यांत जीमेल आहे, याहू आहे, आमच्या सीएचं ऑफिससुद्धा आहे. जीमेलचे दोन आयपी स्पॅमहाउसच्या साइटवर जाऊन तपासले, तिथे दोन्ही स्वच्छ! मग आमच्याच सर्व्हरला ते चोर का वाटतात? लगीनसराई आहे. 'प्रूफ ओके' असं मेलवर लेखी आल्याशिवाय मी मशीनवर प्लेट चढवत नाही. मुहूर्ताची वेळ चुकली तर दोन्हीकडचे वऱ्हाडी माझ्याच दारात.

तात्या_नेट

डिस्क भरली असणार. डीएफ (जागा दाखवणारी कमांड) मारून बघा. नाहीतर फायरवॉल.

पोर्ट_पंचवीस

तात्या, जागा संपली की पोस्टफिक्स ४५२ म्हणतो, 'इनसफिशियंट सिस्टम स्टोरेज'. आणि फायरवॉल आडवी आली असती तर लॉगमध्ये ही ओळ पडलीच नसती. आधी पहिला आकडा वाचत जा हो. ४ म्हणजे नंतर या, ५ म्हणजे येऊच नका. ४ मिळाला की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा येतो, ५ मिळाला की तिथेच बाउन्स.

तेव्हा छापखानावाले, शोधाशोध नंतर. आधी मेन.सीएफमध्ये (पोस्टफिक्सची सेटिंगची फाइल) सॉफ्ट_बाउन्स = येस टाका आणि रीलोड करा. तुमचे सगळे ५ चे नकार ४ चे होतील. निदान इथून पुढचे मेल हातचे जाणार नाहीत.

मग त्याच सर्व्हरवरून डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग करा. हा चाचणीचा पत्ता आहे, १२७.०.०.२ वगैरे यायला हवं. काय येतं ते टाका, आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (डीएनएसचे प्रश्न कुणाला विचारायचे ते लिहिलेली फाइल) काय आहे तेही.

छापखाना_सांगली

आलं १२७.२५५.२५५.२५४. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ८.८.८.८ (गुगलचा सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हर) आहे. मशीन हलवण्याआधी तिथे वेगळा पत्ता होता एवढं नक्की.

पोर्ट_पंचवीस

मग सापडलं. शेवटी २५४ आलं म्हणजे 'हा आयपी यादीत आहे' असं नव्हे. स्पॅमहाउस म्हणतंय, तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारताय, तसं चालणार नाही. त्यांचंही बरोबर आहे, ८.८.८.८ च्या आडून कोण किती विचारतंय हे त्यांना दिसत नाही. पण तुमच्या मेन.सीएफमध्ये नुसतंच रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग लिहिलेलं असणार. तसं असलं की १२७ ने सुरू होणारं काहीही उत्तर आलं तरी पोस्टफिक्स ते 'यादीत आहे' असंच धरतो. विचारावं ज्याच्याबद्दल तो दोषी! ऑफिसातले मेल सुटले, कारण परमिट_मायनेटवर्क्स (आपल्या नेटवर्कला मुभा) आणि लॉगिनवाल्यांची सूट यादीच्या आधी लागते.

करायचं असं: अनबाउंड (सर्व्हरचा स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ द्या. अनबाउंडला पुन्हा ८.८.८.८ कडे फॉरवर्ड करायला सांगू नका, नाहीतर गाडं तिथंच. आणि यादीची ओळ झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११] अशी करा, म्हणजे खरे निकाल तेवढेच धरले जातील.

छापखाना_सांगली

अनबाउंड बसवला. डिगला आता १२७.०.०.२, ४ आणि १० अशी तिन्ही उत्तरं येतात. पण लॉगमध्ये नकार चालूच, फक्त ५५४ चा ४५४ झालाय. यादीची ओळ अजून बदललेली नाही, एकेक करून बघतोय.

पोर्ट_पंचवीस

एकेक करताय ते उत्तम, त्यामुळेच पुढची भानगड दिसली. तुमचा एसएमटीपीडी (पोस्टफिक्सचा मेल आत घेणारा भाग) चरूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या बंद फोल्डरात, चालत असणार. तो /इटीसी मधली फाइल वाचत नाही, /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/इटीसी मधली रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत वाचतो, आणि तिथे अजून ८.८.८.८ बसलाय. डेबियन ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना ताजी करतो. रीलोड पुरत नाही, रीस्टार्ट करा.

छापखाना_सांगली

दादा, आला! रीस्टार्ट केल्यावर पहिला मेल जत्रेच्या पावतीपुस्तकांचा. यादीची ओळही बदलली. आता गेल्या दोन दिवसांत परत गेलेले मेल कुठून काढू?

पोर्ट_पंचवीस

ते मिळायचे नाहीत. पत्ता सांगितल्या सांगितल्या नकार गेलाय, मजकूर तुमच्या सर्व्हरपर्यंत आलाच नाही. पण नोक्यूच्या प्रत्येक ओळीत फ्रॉम आणि टू असतात. ग्रेपने (ओळी शोधणारी कमांड) फ्रॉम काढा, स्पॅमवाले डोळ्यांनी गाळा, उरलेल्या गिऱ्हाइकांना फोन करा.

सुलभा_सिस्टिम्स

दोन गोष्टी राहिल्या. एक, स्पॅमहाउसचा फुकट वापर कमी वर्दळीच्या, बिगर-व्यावसायिक सर्व्हरसाठी आहे. छापखाना म्हणजे धंदा, तेव्हा त्यांच्या अटी वाचून घ्या. दुसरं, मेन.सीएफमध्ये आणखी कुठल्या याद्या आहेत ते बघा. सॉर्ब्स २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली. एएचबीएल तर बंद झाल्यावर २०१५ मध्ये विचारेल त्याला 'यादीत आहे' असंच सांगू लागली होती. जुन्या ब्लॉगवरून उचललेल्या मेन.सीएफमध्ये ही नावं अजून सापडतात.

छापखाना_सांगली

ताई, सॉर्ब्स होती! काढली. काउंटरवरची पोरं फोन करतायत, निम्म्यांनी प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवलेलंच होतं म्हणे.

पोर्ट_पंचवीस

आणि तो सॉफ्ट_बाउन्स आजच्या आज काढा. नाहीतर ज्यांना खरंच हाकलायचंय तेही पाच-पाच दिवस परत येत राहतील.