पाणी काचेसारखं नितळ, तरी मासे टिकत नाहीत : गोल्डफिशवाल्यांनो, अनुभव सांगा

चार महिन्यांत तीन गोल्डफिश गेले. चौथा आहे, पण त्याच्या शेपटीच्या कडेला आणि पाठीवर काळी झाक यायला लागलीय. घरात सगळे म्हणतात, रंग बदलतोय, छान दिसतोय. मला मात्र शंका येतेय.

टाकी ४० लिटरची. स्वच्छतेत कसूर नाही. दर पंधरा दिवसांनी सगळं पाणी काढून टाकतो, गोटे घासून धुतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळतो. प्रत्येक मासा गेल्यावर कोणीतरी एक नवं औषध सुचवतं. आता माशांपेक्षा बाटल्या जास्त झाल्यात.

तेव्हा औषधांची नावं नकोत. ज्यांचे गोल्डफिश वर्षानुवर्षं जगलेत त्यांनी पाण्याचं काय केलं ते लिहा. आणि कुठे चुकलं ते आधी लिहा, बरोबर काय केलं ते नंतर.

*

दुखणं तुम्हीच लिहून ठेवलंय : ‘पांढरा होईपर्यंत पिळतो’.

मीही पहिलं वर्ष असंच घालवलं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया दिसत नाही, थोडा असेल तर वासही येत नाही. फिल्टरच्या स्पंजात आणि गोट्यांवर जे जीवाणू वस्ती करतात ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषंच, तिसरं त्या मानाने सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही ती दर पंधरा दिवसांनी उठवता. म्हणजे चार महिन्यांत तुमची टाकी आठ वेळा नवी झाली.

दुसऱ्या खेपेला मी थेंबांचं टेस्ट किट आणलं (पट्ट्यांवर माझा फारसा विश्वास नाही) आणि कॅलेंडरवर आकडे लिहीत गेले. टाकी ९० लिटर, मासे दोन. नवव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळ्याचं हिरवं झालं, अमोनिया १ (हे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). रोज तिसरा हिस्सा पाणी बदलत राहिले. विसाव्या दिवसाच्या सुमारास अमोनिया उतरला, मी निर्धास्त झाले, तर नायट्राइट चढला. तो जास्त चिवट निघाला. ४१ व्या दिवशी दोन्ही शून्य, नायट्रेट १०. तेव्हापासून स्पंज नळाखाली गेलेला नाही. टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्यायचं, त्यात स्पंज दोनदा दाबायचा आणि मळकाच परत लावायचा.

*

४० लिटर फारच कमी. साधा लांब शेपटीचा गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर होतो. गोलमटोल जातीचेही वीतभर होतात. मी गोल बरणीपासून सुरुवात केली होती, त्यामुळे दुसऱ्यावर बोट ठेवायचा मला हक्क नाही. पण बरणीत पाणी कमी आणि हवेला भिडणारा पृष्ठभागही कमी. एका माशाची घाण पातळ व्हायला तिथे जागाच नसते.

*

माझा अनुभव नळाच्या पाण्याचा.

कित्येक वर्षं एकच पद्धत : दोन बादल्या भरून रात्रभर उघड्या ठेवायच्या, सकाळी टाकीत ओतायच्या. क्लोरीन उडून जातो. कधी काही झालं नाही. मग एका रविवारी नेहमीसारखं पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत सगळेच्या सगळे मासे वर. तोंडं पाण्याबाहेर, कल्ले फडफडताहेत, एकजण काचेवर धडका मारतोय. आधी वाटलं पाणी गार असेल. तापमान पाहिलं, सारखंच.

नंतर उलगडा झाला तो असा. पाणी शुद्ध करायला काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग. ते मुद्दाम टिकाऊ असतं, रात्रभर ठेवून उडत नाही. आणि सोडियम थायोसल्फेटचे खडे टाकले तर क्लोरीन मारला जातो, पण सुटलेला अमोनिया पाण्यातच राहतो. तो फिल्टरने खायचा किंवा अमोनियाही बांधून ठेवणारं द्रावण वापरायचं. आता बादलीत द्रावण टाकल्याशिवाय एक तांब्यासुद्धा टाकीत जात नाही. त्या दिवशी दोन वाचले, एक गेला.

*

मी शहाणपणा करून आरओचं पाणी वापरलं. म्हटलं, आपण पितो तेच माशाला, याहून चांगलं काय? शुद्ध पाण्याचं हे खूळ माझ्यासारख्या अनेकांच्या डोक्यात असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन महिने छान गेले. मग मासे तळाशी बसायला लागले, पर अंगाला चिकटवून. अमोनिया तपासला, थोडा दिसला. टाकी तर जुनी, फिल्टर धुतलेला नाही, मग अमोनिया कुठून? पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट) पाहिला तर किटच्या तक्त्यातला सगळ्यात खालचा रंग, ६ किंवा त्याहूनही कमी. मग केएचची चाचणी केली. त्यात निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. माझ्याकडे पहिल्याच थेंबाला पिवळा.

केएच म्हणजे पाण्यातले कार्बोनेट, बायकार्बोनेट. आम्ल तयार झालं की ते झेलतात. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतच असतं, त्यामुळे केएच रोज थोडा थोडा खर्च होतो. आरओच्या पाण्यात मुळात शिल्लकच नसते, म्हणून एक दिवस पीएच धाडकन कोसळतो. इतक्या आंबट पाण्यात ते जीवाणूही काम थांबवतात, आणि अमोनिया साचू लागतो.

खरी चूक पुढे केली. घाबरून चमचाभर खाण्याचा सोडा एकदम टाकला. पीएच वर गेला आणि मासे तडफडायला लागले. कारण अमोनियाची दोन रूपं असतात. आंबट पाण्यात बहुतेक सगळा अमोनियम रूपात, म्हणजे बराचसा निरुपद्रवी. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का, ८ झाला की पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दसपट. किटवरचा आकडा तोच दिसतो, विष मात्र वाढलेलं. आधी थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया कमी करायचा, मग पीएच हळूहळू वर आणायचा. मी उलटं केलं.

आता साधं नळाचं पाणी, क्लोरीन मारून. किंचित जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. गोल्डफिशला ते मानवतं.

*

सगळे पाणी बदला, पाणी बदला म्हणताहेत. मी दोन वर्षांत बदललं नाही, फक्त आटलेलं भरतो. मासा ठणठणीत आहे. फाजील ढवळाढवळ बरी नव्हे.

*

वरच्यांना : तुमच्या टाकीत नवा मासा सोडून पाहिलाय का? (सोडू नका!) मीही हेच सांगत फिरायचो. जुना मासा मजेत, आणि नवा कुठलाही आणला की दोन दिवसांत खलास. मी दर वेळी आणणाऱ्याला दोष दिला. पाणी आटतं तेव्हा फक्त पाणी उडतं, नायट्रेट आणि क्षार मागेच राहतात. जुना मासा इंचाइंचाने त्याला सरावतो, नव्याला ते एकदम अंगावर येतं. माझ्याकडचा नायट्रेट तक्त्याच्या शेवटच्या लाल रंगाच्याही पुढचा होता.

तोही आधी कळला नव्हता, कारण किटची दुसरी बाटली मी हलवतच नव्हतो. नायट्रेटच्या बऱ्याच किटमध्ये एक बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेली पूड वर येत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. वर्षभर मी खुशीत ‘५’ लिहीत होतो.

आणि आता एका दिवसात सगळं पाणी बदलू नका. दोन वर्षांचं कर्ज आहे, दहा-दहा टक्क्यांनी फेडा.

*

आमचा शत्रू खाऊ. मासा काच गाठून तोंड उघडझाप करतो, मुलगी म्हणते, ‘आई, त्याला भूक लागलीय.’ त्याला नेहमीच भूक लागलेली असते! गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे तो दिवसभर चरत राहतो. मुलगी, आजोबा आणि मी असे तिघं एकमेकांना न सांगता खायला घालत होतो. अमोनिया काही केल्या शून्य होईना. उपाय साधा निघाला. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी घेतली, रविवारी रात्री आठवड्याचं खाणं मोजून भरते. कप्पा रिकामा असेल तर माशाचं जेवण झालेलं आहे, विषय संपला. आठवड्यातला एक कप्पा मुद्दाम रिकामाच. आजोबांना अजून तो अन्याय वाटतो.

*

उन्हाळा आणि वीज, या दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज उलट वाढते. एका रात्री सात तास वीज नव्हती. हवेसाठी बॅटरीवरचा एअर पंप लावला, मासे सुखरूप. वीज आल्यावर डबाबंद फिल्टर थेट सुरू केला आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास. आतलं साचलेलं पाणी तास दोन तासांत ऑक्सिजन संपून नासलेलं, ते सगळं टाकीत. आता आधी फिल्टरमधलं पाणी ओतून देते, टाकीच्या पाण्याने आतला स्पंज खळबळते आणि मगच बटण दाबते.

*

मिठाबद्दल : उठसूट मीठ टाकायच्या मी विरोधात आहे. ते उडून जात नाही, दर वेळी टाकलं की साचतच जातं. पण नायट्राइट चढला असेल तर लिटरमागे एक ग्रॅम मीठ खरंच उपयोगी पडतं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतो, मिठातला क्लोराइड त्याची वाट अडवतो. तेवढ्यापुरतं टाकायचं, पाणी बदलत काढून टाकायचं. आयोडीन नसलेलं साधं खडेमीठ मी वापरतो.

नायट्रेटसाठी मनी प्लांटची मुळं टाकीत सोडा. पानं बाहेर, मुळं आत. मासे मुळं कुरतडतात, कुरतडू द्या.

*

धागाकर्त्याच्या काळ्या झाकेबद्दल कोणी बोललं नाही. नारिंगी माशाच्या अंगावर अचानक काळं दिसायला लागलं तर बऱ्याचदा तो अमोनियाने पोळलेल्या कातडीचा भरून येतानाचा रंग असतो. म्हणजे त्रास होऊन गेलाय, आणि मासा सावरतोय. काही जातींत काळा रंग उपजतही असतो, पण तुम्ही शेपटीची कडा आणि पाठ म्हणताय, शिवाय स्पंजाची कथा आहेच. आज किट आणा.

*

धागाकर्ता परत आलोय. किट आणलं. अमोनिया २. हातात नळी धरून तसाच उभा होतो, इतकं गडद हिरवं.

१२० लिटरची जुनी टाकी एका नातेवाइकांकडून मिळाली, आणि त्यांच्याच चालू टाकीतला एक मळका स्पंजही. तो ओला ठेवून तासाभरात आणून लावला. आधीचे दहा दिवस रोज पाणी बदललं, आता आठवड्यातून दोनदा. आज २६ वा दिवस, अमोनिया शून्य, नायट्राइट पाव. औषधांच्या बाटल्या कपाटात वर टाकल्यात.

शेपटीवरचं काळं कडेकडून विरत चाललंय, पाठीवर अजून एक ठिपका आहे. घरात कोणीतरी काल म्हणालंच, ‘अरे, आधी किती छान दिसत होता.’