मदत हवी आहे: पोस्टकार्डावर चिकटलेलं लेबल कसं काढावं?

पोस्टक्रॉसिंगमधून (जगभरातल्या अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करायची वेबसाइट) फिनलंडहून एक सुंदर कार्ड आलंय. पण वाटेत टपालाचं पांढरं बारकोड लेबल नेमकं आयडीवर, म्हणजे कार्ड मिळाल्यावर साइटवर नोंदवायच्या त्याच्या क्रमांकावर, चिकटवलं गेलंय. ‘एफआय’ आणि पुढचे दोन आकडे दिसतात, बाकी सगळं झाकलंय. आयडी नोंदवल्याशिवाय पाठवणाऱ्याला कार्ड पोचल्याचं कळत नाही, आणि त्या बदल्यात त्याला मिळणारं कार्डही अडकून राहतं. म्हणून जीव लागून राहिलाय.

उजेडासमोर धरून पाहिलं; चित्राची बाजू गडद असल्याने काही दिसत नाही. हेअर ड्रायरची कोमट हवा दिली. एक कोपरा सुटला, पण त्याच्यासोबत कागदाचा पापुद्रा निघायला लागला, तिथेच थांबले. कार्ड जाड आहे, मागची बाजू खरखरीत, चकचकीत नाही. पाणी लावायचं नाहीये, कारण मजकूर फाउंटन पेनने लिहिलाय आणि शाई फुटेल. साइटवर आयडी शोधून द्यायला विनंतीचा फॉर्म आहे हे माहीत आहे, पण सहीतली फक्त आद्याक्षरं वाचता येतात, त्यामुळे तो शेवटचा उपाय.

कागदाला आणि शाईला धक्का न लावता लेबल सुटायला नक्की काय करावं: कार्ड पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावं, की आणखी थोडी उष्णता द्यावी? कोणी स्वतः करून पाहिलंय का?