केना तणाला जमिनीत शेंगा लागतात का??

धुऱ्यावरचा (वाशीम)
नमस्कार मंडळी. सोयाबीनमधी निंदण चालू आहे आणि यंदा केना (निळ्या फुलाचं तण, कोवळा असला की भाजी करतात तो) लय माजलाय. काल एक जाड बुडखा खुरप्याने न कापता हाताने ओढला, माती ओली होती म्हणून अख्खा आला, तर मुळ्यांबरोबर पांढरे दोरे निघाले आणि त्या दोऱ्यांना बारीक फिकट फुग्या. मला वाटलं गाठी असतील, नखाने फोडली तर आत बी! निळी फुलं तर वर आहेत मग हे खाली काय? आई म्हणे जन्मभर भाजीला खुडला पण बुड कोणी उकरून पाहिलं. अजून एक, वरच्या मुरमाड पट्ट्यात असंच निळं फूल पण पान चिंचोळं, कडेला चुण्या, तो पण केनाच का? आणि दोनदा निंदून परत येतो त्याचं काय करू ते पण सांगा. फोटो चढत नाहीये, साइज मोठी म्हणतंय.

रानवेडी
बीच आहे ते. केना दोन मजल्यांवर फुलतो 😄 वरची निळी फुलं सकाळी उघडतात नि दुपारपर्यंत विरघळल्यासारखी मिटून जातात, खालच्या पांढऱ्या फांद्यांवरची फुलं उघडतच नाहीत, बंदच्या बंद स्वतःचंच परागण करून बी धरतात. भुईमुगासारखं म्हणू नका हां, भुईमुगाचं फूल वर येतं आणि मग आरी (शेंग धरणारी दांडी) मातीत जाते, इथे फूलच मातीत. त्यामुळे वरचा पाला गुरांनी खाल्ला तरी ह्याचा वंश खाली सुरक्षित.
रुंद पानाचा तो शास्त्रीय नावाने कोमेलिना बेंगालेन्सिस, पान देठाला जिथे मिठी मारतं तिथे तांबूस केस दिसतील. चिंचोळ्या चुणीदार पानाचा बहुतेक त्याचाच भाऊ कोमेलिना फोर्स्काओली, त्याला कोरडी हलकी रानं चालतात आणि तोही जमिनीत फुलतो. उद्या फुलाखालचं दुमडलेलं हिरवं पान चिमटीत दाबून बघा, बुळबुळीत पाणी येतं.
जाता जाता, कोमेलिना हे नाव कोमेलिन आडनावाच्या डच वनस्पती अभ्यासकांवरून. हे नाव ठेवणारा शास्त्रज्ञ लिनियस म्हणायचा दोन मोठ्या पाकळ्या म्हणजे त्या घरातले दोन नावाजलेले, आणि खालची बारकी फिकी पाकळी म्हणजे काही करून दाखवायच्या आतच गेलेला तिसरा. बिचारा.

काळी_माती
दादा निंदून टाकता कुठे ते आधी सांगा. आम्ही दरवर्षी तासातच, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधी टाकायचो, दुसऱ्या दिवशी पाऊस, पेराला पेराला मुळ्या फुटून एकाचे दहा. डवऱ्याने (कोळप्याने) तर तुकडे करून पेरल्यासारखंच होतं. आता टोपल्यात भरून बाहेर काढतो आणि कडक उन्हात खडकावर पसरतो, तरी आठवडाभर हिरवा राहतो हा. दुकानदाराचं ऐकून मागे धुऱ्यावर (बांधावर) ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं, बाकी गवत जळून गेलं, केना जरा पिवळा पडला आणि पुन्हा उठला, वर त्याला अख्खा धुरा मोकळा मिळाला. पैसे गेले ते वेगळेच. तुम्ही उभ्या सोयाबीनवर ते मारू नका, पीकच जाईल.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेत जॉर्जियात असतो, इकडे कपाशीवाले ह्याच केन्याने रडवलेत. 1983 पासून सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. ग्लायफोसेट सहन करणारी कपाशी आल्यावर लोक तेच एक औषध मारत राहिले, बाकी तणं गेली आणि हा त्यातून तरला, मग 2000 नंतर रानंच्या रानं भरली. आता तण उगवायच्या आधीचं औषध आणि उगवल्यावरचं असं दोन्ही मिळून चालवतात. पहिल्यांदा इथल्या शेतात बघितला तेव्हा मी आजीची भाजी म्हणून ओळखला, शेतकरी माझ्याकडे बघतच राहिला 😂

माजघर
अहो एवढा आहे तर खा की! कोवळे शेंडे खुडायचे, लसूण मिरची आणि भिजवलेली मूगडाळ, झाकण न ठेवता परतायची नाहीतर बुळबुळीत होते. मोठी पानं बेसनात बुडवून भजी, ओव्यासकट, टम्म फुगतात. फक्त फवारलेल्या धुऱ्यावरचा नको.

धुऱ्यावरचा (वाशीम)
सगळ्यांचे आभार. आज बसून मोजलं, वरच्या फळात पाच बिया, एक मोठी चार बारक्या, खालच्यात तीनच पण त्यातली एक चांगली टपोरी. दाबल्यावर चिकट पाणी पण आलं, पोरगं अर्धा तास तेच करत बसलं होतं. बाया उद्यापासून टोपले घेऊन येणारेत. आई भज्यांचं पीठ कालवतेय, पानं कुठल्या बाजूची आणली ते दोनदा विचारलं मी तिला.