म्युझिक म्यूट करू नका राव

वर कोणीतरी लिहिलंय की सिव्हिलायझेशन ६ या, प्राचीन काळापासून आपली संस्कृती उभारत न्यायच्या कॉम्प्युटर गेमचं म्युझिक दोन तासांत डोक्यात जातं म्हणून म्यूट करून पॉडकास्ट लावतो. अहो, अर्धी गंमत तिथेच घालवताय! इंग्लंड घेऊन खेळून बघा, सुरुवातीला 'स्कारबरो फेअर' या जुन्या इंग्रजी लोकगीताची चाल अगदी विरळ, मोजक्या वाद्यांवर वाजते, मग मध्ययुग, औद्योगिक काळ, अणुयुग असं करत तीच चाल भरत जाते आणि शेवटी अख्खा ऑर्केस्ट्रा, म्हणजे आपण कुठवर आलो ते स्क्रीनकडे न बघताही कळतं. गेममधल्या शेजारी संस्कृतीशी ओळख झाली की तिची धूनपण मधूनच सुरू होते, ते मला भारी आवडतं.

तेच तेच वाजतं ही तक्रार मात्र मान्य, संथ खेळणाऱ्यांना त्रास होणारच.

पण याच गेमच्या चौथ्या भागाची सर कशालाच नाही बरं का. त्याच्या मेन्यूवर वाजणारं संगीतकार क्रिस्टोफर टिनचं 'बाबा येतू', स्वाहिलीतली ख्रिस्ती प्रार्थना, गेम २००५ चा आणि ग्रॅमी मिळालं थेट २०११ मध्ये, गेमसाठी केलेल्या संगीताला पहिलंच! मी तर मेन्यू तसाच चालू ठेवून चहा टाकायला जायचो, गाळून येईपर्यंत कोरस रंगात आलेला असायचा.