शब्द सुचवा: ‘प्रोटीन असेंब्ली’ला मराठीत काय म्हणायचं?

महालवाला
नमस्कार मंडळी, कॉलेजच्या विज्ञानदिनासाठी मराठी पोस्टर लिहून राहिलो. विषय असा की लॅबमधे बनवलेले मॅक्रोसायकल (अणूंचं मोठं बंद कडं असलेले रेणू) आणि जस्तासारख्या धातूंचे आयन वापरून प्रोटीनचे रेणू हवे तसे एकत्र आणता येतात. मित्राने शीर्षक दिलं ‘संश्लेषित महाचक्रे व धातू-आयनांद्वारे दिग्दर्शित प्रथिन-संघटन’. वाचून मलाच घाम फुटला बे, पोट्टे तर सरळ पुढच्या स्टॉलवर जातील. सोपं पण चुकीचं नसलेलं काही सुचवा.

धरमपेठकर
पहिले तं ‘महाचक्र’ काढा. चक्र म्हटलं की जलचक्र, नायट्रोजन चक्र, क्रेब चक्र, म्हणजे घडत घडत परत सुरुवातीला येणारं काहीतरी. इथे तसं काहीच फिरत नाही, अणूंची साखळी टोकाला टोक लागून बंद झालेली आहे बस, साधारण बारा किंवा जास्त अणूंची. त्याला वलय म्हणतात, ‘मोठं वलय’ लिहा. ‘लॅबमधे बनवलेलं’ हे मात्र सोडू नका, कारण निसर्गातही मोठी वलयं आहेत, हीमोग्लोबिनमधलं हीम घ्या, मधे लोह धरून बसलेलं. आणि ‘दिग्दर्शित’ म्हटलं की सिनेमा.

बर्डीवाला
माझं भांडण ‘संघटन’शी आहे. संघटन म्हणजे हिवाळी अधिवेशनातले मोर्चे. ‘जोडणी’ही नको, जोडलं की पक्कं झालं असं वाटते. इथले बंध सुटणारे असतात. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2007 साली सायटोक्रोम नावाच्या प्रोटीनच्या एका प्रकाराच्या पृष्ठभागावर हिस्टिडीन (प्रोटीन ज्यांचं बनते त्या अमिनो आम्लांपैकी एक) बसवले, तर जस्ताचे चार आयन धरून चार रेणू एकत्र आले, आणि इडीटीएनं, म्हणजे धातूचे आयन पकडणाऱ्या रसायनानं, जस्त ओढून घेतलं की असे गट मोकळे होतात. इन्सुलिनचंही तेच, सहा रेणूंच्या गटात मधोमध जस्ताचे दोन आयन, प्रत्येकाला तीन-तीन हिस्टिडीननं धरलेलं. याला जोडणं कसं म्हणणार?

मराठीत ‘जुळणं’ आपोआप होते आणि ‘जुळवून आणणं’ तिसरा कोणीतरी करते, सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं. प्रोटीन आपापली जुळली तर ‘आपसूक जुळणी’, वलय किंवा जस्त मधे पडलं तर ‘जुळवून आणणं’. तुमच्या विषयात यातलं दुसरं, म्हणजे ‘जुळवून आणणं’ आहे. गॉलवे विद्यापीठातलं 2012 चं कामही बघा, सल्फोनेट लावलेलं कॅलिक्सारिन, म्हणजे पेल्याच्या आकाराचं वलय, सायटोक्रोम सीच्या पृष्ठभागावरच्या लायसिनला (हेही अमिनो आम्लच) आपल्या पोकळीत धरते, लायसिनवर धन भार आणि पेल्याच्या काठावर ऋण, म्हणून जमते.

इतवारीची सून
मधेच बोलते, या वलयांमधे एक कुकुर्बिट्युरिल नावाचं आहे, ते नाव भोपळ्याच्या कुळावरून पडलंय, कारण दिसते तसंच, मधे फुगीर आणि दोन्ही टोकं उघडी. पदार्थ 1905 सालचा, पण रचना आणि नाव 1981 साली आलं. त्याचा सात घटकांचा प्रकार इन्सुलिनच्या टोकाच्या फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लाला आत घेतो. पोस्टरवर ‘कोहळं’ लिहू नका पण. आपल्याकडे नागपुरात कोहळं म्हणजे ज्याचे बोंडं (गोड भजी) करतो ते लाल, पुण्याचा पाहुणा आला तर त्याला पेठ्याचा पांढरा कोहळा वाटेल. ‘भोपळा’च लिहा.

महालवाला
भारीच. मग असं करतो: ‘लॅबमधे बनवलेली मोठी वलयं आणि धातूंचे आयन: प्रथिनांची जुळवून आणलेली रचना’. ‘प्रथिन’ ठेवू की ‘प्रोटीन’?

धरमपेठकर
बोलताना आपण सगळे प्रोटीनच म्हणतो, पण पोट्ट्यांना प्रोटीन म्हटलं की जिममधला पावडरचा डबा दिसते. शीर्षकात प्रथिन ठेवा, खाली पहिल्या ओळीत ‘प्रथिन म्हणजे प्रोटीन’ एकदा लिहून टाका.

बर्डीवाला
आणि ‘जस्त’च ठेवा, ‘झिंक’ नको. पितळेत असते ते, मुलं लगेच ओळखतात.